थीसिस डाळिंबावर, पोस्टडॉक कोडवर

सोलापुरात परत आल्यापासून पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली मुलं-मुली माझ्याकडं एकच प्रश्न घेऊन येतात. कुणी केगावला विद्यापीठात गाठतं, कुणी जुळे सोलापुरातल्या घरी येतं, कुणी रात्री उशिरा मेसेज टाकतं. 'मॅडम, पोस्टडॉक करायचंय, पण जी जाहिरात उघडावी तिच्यात पायथन मागायलेत. आमची तर सगळी पीएचडी लॅबमध्ये गेली. आता काय करायचं?' परवा आलेला मुलगा भौतिकशास्त्राचा, थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, काम करणारा. थीसिस सबमिट झालाय, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख यायचीय, तोवर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. 'कुठून सुरू करावं कळंना झालंय,' म्हणाला. त्याच्याशी जे बोलणं झालं ते इथं जरा विस्तारानं लिहिते, म्हणजे बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची एक भाषा. आधी माझं मत सांगते. ज्यांच्या पाठीशी मोठ्या संस्थेचं नाव नाही, त्यांच्यासाठी प्रोग्रामिंग लागणारी पोस्टडॉकची जागा ही सगळ्यात न्याय्य जागा आहे. प्रयोगशाळेतलं कौशल्य मेलमधून पाठवता येत नाही. पिपेट धरताना तुमचा हात किती स्थिर आहे, कल्चर किती स्वच्छ राहतं, हे परदेशातल्या किंवा बेंगळुरूतल्या प्राध्यापकाला बसल्या जागी कळायला मार्ग नाही. मग तो विद्यापीठाचं नाव बघतो, गाइडचं नाव बघतो, जर्नलचं नाव बघतो. कोडचं तसं नाही. तुम्ही लिंक पाठवता, तो आपल्या मशीनवर चालवून बघतो. तुमचं काम तुमच्या आधी तिथं पोचलेलं असतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणते. माझी पीएचडी वनस्पतिशास्त्रातली, डाळिंबाच्या तेल्या रोगावर. माहेर सांगोल्याकडचं, घरी भगवा जातीच्या डाळिंबाची बाग. तेल्या आला की बाग कशी जाते ते लहानपणापासून बघितलंय. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळं होणारा हा रोग. आधी पानावर, फळावर बारीक तेलकट ठिपके दिसतात, मग ते काळपट होत पसरतात आणि डागावरूनच फळ तडकतं. कुठल्या फळाचा किती टक्के पृष्ठभाग डागाळला, हा माझ्या थीसिसमधला मुख्य आकडा होता. प्रचलित पद्धत म्हणजे डोळ्यांनी बघून शून्य ते पाच अशी श्रेणी द्यायची. एकच फळ मी 'तीन' म्हणायची आणि माझी मैत्रीण 'चार' म्हणायची. हे काही मला पटेना. म्हणून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फळाचा फोटो उघडून प्रत्येक डागाची कड माउसनं काढायला लागले. आकडा नेमका यायचा, पण एका फोटोला एवढा वेळ लागायचा की हंगाम संपला तरी फोटो संपत नसत. त्या कंटाळ्यातून मी पायथनकडं वळले. कोर्स करायचा म्हणून वळले नाही, हे मुद्दाम सांगते.

सायकिट-इमेज नावाची लायब्ररी, म्हणजे फोटोंवर काम करणाऱ्या तयार कोडचा संच, वापरून स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. तिच्यात काय होतं ते थोडं खोलात सांगते, कारण पुढं पोस्टडॉकच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं गेलं. भगव्या डाळिंबाची साल गुळगुळीत आणि चकचकीत असते. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत सालीवर पांढरी तिरीप येते, फळाच्या एका बाजूला सावली पडते आणि मुकुटापाशी साल मुळातच काळपट असते. लाल-हिरवा-निळा या साध्या रंगमूल्यांवर काम केलं की स्क्रिप्ट सावलीलाही डाग समजते. म्हणून फोटो 'लॅब' या रंगपद्धतीत बदलून घेतला. तिथं उजेड एका खान्यात जातो आणि रंग वेगळ्या दोन खान्यांत, त्यामुळं सावलीचा गोंधळ बराच कमी होतो. मग पिक्सेलचे दोन गट आपोआप पाडणाऱ्या ओत्सूच्या पद्धतीनं डाग आणि निरोगी साल यांच्यातली सीमारेषा ठरवली. फोटोत फळाशेजारी फूटपट्टीचा तुकडा ठेवलेला असे, त्यावरून पिक्सेलचे चौरस मिलिमीटर केले. शेवटी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हातानं कडा काढलेले जे फोटो आधीचे होते त्यांच्यावर हीच स्क्रिप्ट चालवली आणि दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडले. कुठं जुळतात आणि कुठं जुळत नाहीत, ते सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

हे सगळं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकलं. सोबत एक रीडमी फाइल: फोटो कुठले, कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा दिली की कोणता आलेख तयार होतो, आणि कुठल्या प्रकारच्या फोटोवर स्क्रिप्ट चुकते. झेनोडो नावाचं एक भांडार आहे, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं 2013 साली सुरू केलेलं. तिथं कोड ठेवला की शोधनिबंधासारखा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. तो घेतला आणि बायोडेटात प्रकाशनांच्या खाली 'सॉफ्टवेअर' असं वेगळं शीर्षक करून लिहिला. पैसे लागले नाहीत, कुणाची परवानगी लागली नाही. फोटो माझेच असल्यामुळं प्रश्न नव्हता. डेटा प्रकल्पाचा असेल तर गाइडला विचारल्याशिवाय टाकू नका. नाही म्हणाले तर चार-दोन नमुन्याचे फोटो किंवा बनवलेला डेटा वापरा, कोड तरी दाखवता येतो.

पुढं जर्मनीतल्या पोस्टडॉकची मुलाखत झाली तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी स्क्रिप्ट आधीच उतरवून चालवून बघितली होती. पहिलाच प्रश्न: 'लॅब रंगपद्धत का घेतली?' दुसरा: 'हिरव्या पानावर तांबेरा असेल तर काय बदलावं लागेल?' त्यांनी गव्हाच्या पानाचा एक फोटो तिथल्या तिथं पाठवला. कुठली ओळ बदलावी लागेल ते मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की हातानं कडा काढलेली पानं तुलनेला घेतल्याशिवाय त्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्या बोलण्यात माझ्या विद्यापीठाचा विषय निघाला नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. आणि ते शीत आपण आधीच ताटात वाढून ठेवलेलं असतं.

आता जागा शोधायच्या कशा? 'प्रोग्रामर पाहिजे' असं पोस्टडॉकच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. शोधताना मुलं 'पायथन पोस्टडॉक' असं टाकतात आणि भलत्याच नोकऱ्या समोर येतात. विषयाचं नाव आणि त्याच्यापुढं 'कॉम्प्युटेशनल', 'मॉडेलिंग', 'इमेज अ‍ॅनालिसिस', 'जीनोमिक्स', 'सिम्युलेशन', 'डेटा-ड्रिव्हन' यातला एखादा शब्द, असं शोधावं. खरी गोष्ट जाहिरातीच्या पोटात असते. 'कोणत्याही एका स्क्रिप्टिंग भाषेचा अनुभव' असं लिहिलं असेल तर त्यांना तयार साधनं नीट चालवणारा, डेटा साफ करणारा, आलेख काढणारा माणूस हवाय. आर ही भाषा येत असेल आणि पायथन येत नसेल तरी तिथं अर्ज करा. 'नव्या पद्धती विकसित करणे', 'सी प्लस प्लसवर प्रभुत्व', 'जीपीयू' असे शब्द असतील तर काम वेगळं आहे. तिथं गणित आणि अल्गोरिदम हाच मुख्य विषय असतो, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र हे निमित्त. 'एचपीसीचा अनुभव' म्हणजे सुपरकॉम्प्युटरवर काम रांगेत लावायची सवय. बहुतेक ठिकाणी त्यासाठी स्लर्म नावाची प्रणाली असते आणि तिच्या कामापुरत्या आज्ञा थोड्या दिवसांत हाताशी येतात. एवढ्या एका ओळीला घाबरून अर्ज सोडू नका.

अत्यावश्यक आणि इष्ट यातला फरक तर आपली माणसं बघतच नाहीत. इंग्लंडमधल्या जाहिरातींत हे दोन रकाने स्पष्ट वेगळे असतात, आपल्याकडच्या रिसर्च असोसिएटच्या नोटिशीतही असतात. इष्टच्या रकान्यातलं सगळं ज्याला येतं असा उमेदवार त्यांनाही बहुधा मिळत नाही. मुली तर एक गोष्ट कमी पडली की अर्जच करत नाहीत. हे मी वर्गात बघते आणि मला मनापासून वाईट वाटतं.

कुठल्या विषयात अशी कामं आहेत म्हणाल, तर सोलापूरच्याच आसपास बघा. पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं, 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात ढगांचा आणि कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग आपल्या सोलापूर भागात केला. कारण आपण पर्जन्यछायेत. विमानं उडताना लोकांनी बघितली, बातम्या वाचल्या. पण त्यामागं रडारचा आणि विमानातल्या उपकरणांचा जो डेटा साठतो, तो वाचणारं, जुळवणारं, तपासणारं काम सगळं कोडचं असतं. रडारच्या डेटासाठी पाय-आर्ट, हवामानाच्या नेटसीडीएफ फाइलींसाठी एक्सअ‍ॅरे, अशी पायथनमधली मोफत साधनं आहेत. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून थिन फिल्मकडंच जायचं असा आपल्याकडं रिवाज पडलाय, पण हवामानशास्त्राचं दार भौतिकशास्त्राच्याच पोरांसाठी उघडं आहे. या विषयातल्या जगभरच्या जागा मेट-जॉब्ज नावाच्या ई-मेल यादीवर येतात. नाव नोंदवलं की झालं.

खगोलशास्त्राचंही असंच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. तिच्या निरीक्षणांवर काम करायचं म्हणजे पायथनमधून चालणारी 'कासा' (CASA) सारखी सॉफ्टवेअर वापरायची. या विषयातल्या पोस्टडॉकच्या जागा अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर येतात आणि पुष्कळ अर्जांच्या तारखा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतात, रुजू व्हायचं पुढच्या वर्षी. उन्हाळ्यात जाग आली की वर्ष गेलं.

थिन फिल्मवाल्या मुलाला मी साय-के बघायला सांगितलं. पदार्थांच्या इलेक्ट्रॉनिक रचनेवर गणनं करणाऱ्यांचं ते जाळं, आणि तिथं जागांच्या जाहिराती सतत येतात. पण त्याआधी हातात काहीतरी हवं. त्याच्याकडं स्वतःच्या ऑक्साइड फिल्मचे यूव्ही-व्हिजिबलची, म्हणजे फिल्म कुठला प्रकाश किती शोषते याची, मोजमापं आहेत, त्यावरून टॉक प्लॉट नावाचा आलेख काढून बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, काढलेला आहे. तोच बँडगॅप क्वांटम एस्प्रेसो या मोफत सॉफ्टवेअरनं गणन करून काढायचा. हे सॉफ्टवेअर डीएफटी नावाच्या गणनपद्धतीवर चालतं, आणि तिच्यातलं साधं सूत्र (फंक्शनल) वापरलं तर बँडगॅप प्रयोगापेक्षा कमीच येतो, हे त्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तो किती कमी येतो, कुठली सुधारणा लावल्यावर प्रयोगाच्या जवळ जातो, आणि फिल्ममधल्या दोषांचा त्यात किती वाटा असू शकतो, एवढं नीट लिहून, आलेखांसकट, चालणाऱ्या स्क्रिप्टसकट ठेवलं तर तो नुसता 'पायथन येतं' म्हणणारा उमेदवार राहत नाही. प्रयोग स्वतः केलेला आणि गणनही स्वतः केलेलं, असा माणूस निव्वळ गणनवाल्या प्रयोगशाळेत सहज मिळत नाही. आपल्या लहान विद्यापीठांतल्या मुलांनी फिल्म स्वतः बनवलेली असते, यंत्र स्वतः दुरुस्त केलेलं असतं, शेतात स्वतः उभं राहून पानं तोडलेली असतात. डेटात खोट कुठं शिरते ते त्यांना ठाऊक असतं. हे आपलं भांडवल आहे आणि ते बायोडेटात लिहायला कुणी शिकवत नाही.

जीवशास्त्राच्या मुलांसाठी मार्ग त्याहून सोपा. अमेरिकेतल्या एनसीबीआय या संस्थेच्या एसआरए भांडारात जगभरच्या प्रयोगांचा सिक्वेन्सिंग डेटा, म्हणजे डीएनए-आरएनएचा अक्षरक्रम, फुकट ठेवलेला आहे, त्यात डाळिंबही आहे. एखाद्या छापून आलेल्या पेपरमधला आरएनए-सेक डेटा, म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे ते दाखवणारा, घ्या, फास्टक्यूसी या साधनानं त्याचा दर्जा तपासा, डीईसेक-2 हे साधन वापरून तोच आलेख पुन्हा काढता येतो का बघा. येत नसेल तर का येत नाही ते लिहा. मोबाइलच्या रोजच्या डेटावर आख्ख्या फाइली उतरत नाहीत, म्हणून सुरुवातीला नमुन्यापुरता तुकडा घ्या किंवा गॅलक्सी या मोफत सर्व्हरवर काम करा. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 साली सुरू झालेलं. अशा केंद्रांच्या प्रकल्पांत कंत्राटी जागा निघतात, त्यांच्या नोटिसा वाचत राहा. उत्क्रांती आणि जीनोमिक्सच्या जगभरच्या जागांसाठी इव्हॉलडिर नावाची ई-मेल यादी आहे.

शिकायचं कुठून हा प्रश्न हल्ली अवघड राहिलेला नाही. सॉफ्टवेअर कार्पेंट्रीचे धडे संशोधकांसाठीच लिहिलेले आणि मोफत आहेत, एनपीटेलवर कोर्स आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्ससारख्या विषयांचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. क्रम मात्र असा ठेवा: आधी लिनक्सची कमांड लाइन, मग एक भाषा, मग गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. गिट पुष्कळजण टाळतात. पण दुसऱ्या चौघांबरोबर एकाच कोडवर काम करायची तयारी आहे की नाही, हे त्याच्यावरूनच ओळखतात.

एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असंही विचारतात. मीही वापरते. पण मला मुलाखतीत जे विचारलं गेलं ते 'का' होतं. ही सीमारेषा का, हा नमुना का वगळला, हा आकडा चुकीचा असेल तर कळणार कसं. एआयनं लिहिलेल्या ज्या ओळीचं कारण तुम्हाला सांगता येत नाही, ती ओळ तुमची नाही. ती पाठवू नका.

आपल्याकडच्या वाटांबद्दल थोडं. प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटच्या जागा हा सगळ्यात सरळ मार्ग. मी पुण्यात तिथूनच सुरुवात केली. संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ नोटीस लागते, कधी वॉक-इन मुलाखत असते, मुदत प्रकल्पाबरोबर संपते. केंद्रीय विभागांच्या प्रकल्पांत 1 जानेवारी 2023 पासूनच्या दरांनुसार रिसर्च असोसिएटला तीन पातळ्यांवर महिना 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. दुसरी वाट नॅशनल पोस्टडॉक्टोरल फेलोशिपची. पूर्वी ती एसईआरबी देत असे, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देतं. वयोमर्यादा 35, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सूट. इथं मार्गदर्शक आधी शोधावा लागतो, प्रस्ताव आपण लिहायचा असतो. प्रस्तावात कोडची लिंक दिली तर 'हे काम होईल' असं म्हणायला परीक्षकाला आधार मिळतो. जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठी डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, रिसर्च असोसिएटशिप आहे. संसारामुळं संशोधनात खंड पडलेल्या बायकांनी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ योजना जरूर बघावी.

बाहेर जायचं असेल तर युरोपसाठी युरॅक्सेस आणि इंग्लंडसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके ही दोन संकेतस्थळं रोज बघण्यासारखी. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपला साधारण सप्टेंबरात अर्ज घेतात, आणि ज्या देशात जायचं तिथं आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. आपण सोलापुरात बसलेलो असतो, त्यामुळं ही अट आपल्या फायद्याची. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई-13' असं दिसेल. ती तिथली सरकारी वेतनश्रेणी आहे, म्हणजे ही शिष्यवृत्ती नसून पगाराची नोकरी आहे आणि आरोग्यविमा, निवृत्तिवेतन त्यात धरलेलं असतं. ती ओळ असेल तर मन निश्चिंत ठेवा. 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं पदनाम दिसलं तर तेही उघडून वाचा. संशोधकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं हे पद 2012 च्या सुमारास इंग्लंडमध्ये नावारूपाला आलं, आणि तिथं पीएचडी झालेल्यांना मागणी असते. पैसे घेऊन पोस्टडॉक मिळवून देतो म्हणणारे एजंटही आता आपल्याकडं फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पोस्टडॉक विकत मिळत नाही.

घरच्यांना हे सगळं समजावून सांगणं हा वेगळाच अध्याय. पीएचडी मिळाल्याची विद्यापीठाची नोटिफिकेशन आली तेव्हा वडील म्हणाले, 'पोरी, डॉक्टर झालीस की. आता आणि काय शिकायलीस?' त्यांच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर होता. मी त्यांना पगाराचा आकडा सांगितला, मुदत सांगितली, मुदतीनंतर काय होऊ शकतं आणि काय होणार नाही तेही सांगितलं. पोस्टडॉक हे शिक्षण नव्हे, ती मुदतीची नोकरी आहे, हे आधी आपल्याला नीट कळलं पाहिजे. वर्ष-दोन वर्षांचा करार असतो, प्रकल्प संपला की उठावं लागतं. माझे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं युनिट बघतात. मी जर्मनीत आणि ते इथं, असे दिवस काढले. सगळ्यांना ते जमणार नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पण तासिका तत्त्वावर वर्षामागून वर्षं घालवत, कायम जागेची जाहिरात निघेल म्हणून थांबलेली हुशार मुलं मी रोज बघते, आणि त्यांना दुसरी वाट आहे हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असं मला फार वाटतं.

शेवटी मेल कसा लिहायचा ते. जाहिरात नसली तरी प्राध्यापकांना थेट लिहिता येतं आणि लिहावं. 'आदरणीय महोदय, मी अत्यंत मेहनती आहे' असला मजकूर शंभर जणांना एकदम पाठवू नका. तो उघडलाही जात नाही. मी जो मेल लिहिला त्यात पहिल्या ओळीत मी कोण आणि कधी रुजू होऊ शकते ते होतं. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीबद्दल माझा प्रश्न होता: पानांचे फोटो वेगवेगळ्या उजेडात घेतले असतील तर डागाचं क्षेत्रफळ कसं जुळवलं? तिसऱ्यात मी हाच प्रश्न डाळिंबावर कसा सोडवला ते तीन वाक्यांत, आणि कोडची लिंक. सोबत दोन पानांचा बायोडेटा. बस्स. शिफारसपत्रासाठी गाइडचं नाव द्यालच, पण दुसरं नाव अशा माणसाचं द्या ज्यानं तुमचा कोड वापरलाय. माझ्या बाबतीत ती प्रयोगशाळेतली एक सीनियर होती. तिनं माझी स्क्रिप्ट स्वतःच्या पेरूच्या फोटोंवर चालवली होती, आणि तिच्या पत्रात ते तपशीलवार आलं. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांना निदान तीन आठवडे द्या. व्हायवा झाल्याबरोबर नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी अर्ज करून ठेवा, कारण ऑफर आल्यावर पहिल्यांदा तेच मागतात. मेलला उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवा, आणि ती पाठवली की पुढच्या प्रयोगशाळेचे पेपर वाचायला घ्या.